‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ ओळखायचा कसा आणि ते वापरायचं कसं

मराठी शाळेतून शिकलेल्या कितीतरी माणसांना इंग्रजी वर्तमानपत्र बऱ्यापैकी वाचता येतं. ‘इन्फ्लेशन’, ‘कॉन्स्टिट्यूशन’ असले लांबलचक शब्द त्यांना अडवत नाहीत, कारण त्यांचा अर्थ ठरलेला आहे आणि एकदा पाठ झाला की काम भागतं. गाडी अडते ती छोट्या शब्दांपाशी. परदेशातला साहेब फोनवर म्हणतो, ‘आय डिडन्ट गेट दॅट, बट आय विल गेट समवन टू लुक इंटू इट अँड गेट बॅक टू यू.’ यात नवा शब्द एकही नाही. ‘गेट’ तीनदा आलंय, आणि तिन्ही ठिकाणी वहीत लिहून घेतलेला ‘मिळणे’ हा अर्थ लावून पाहिला तर वाक्य हातातून निसटतं. साहेब एवढंच म्हणतोय: मला कळलं नाही, पण मी कुणाला तरी यात लक्ष घालायला लावतो आणि तुम्हाला कळवतो.

हे ‘गेट’ म्हणजे फाटक नव्हे, हे आधी सांगून टाकतो. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात आणि आपण बोलतोही सारखेच, पण इंग्रजी कानाला ते वेगळे वाटतात. फाटकाच्या शब्दातला ‘ए’ लांबतो आणि शेवटी ‘इ’कडे झुकतो, साधारण ‘गेइट’ असा. आपल्या क्रियापदातला ‘ए’ आखूड आहे, ‘नेट’ आणि ‘सेट’ यांच्यातला असतो तसा. तो तोडूनच म्हणायचा.

एका क्रियापदाला दहा अर्थ असणं मराठी माणसाला नवं नाही. ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, फोन लागतो, डोळा लागतो, निकाल लागतो, आणि मनात नसताना एखाद्या कार्याला जावं लागतं. ‘लागणे म्हणजे काय’ असं कुणी परक्याने विचारलं तर एका शब्दात उत्तर देता येत नाही. तरी पाच वर्षांचं पोरसुद्धा यात चुकत नाही, कारण ते ‘लागणे’चा अर्थ शोधत बसत नाही, शेजारी भूक आहे की फोन आहे ते बघतं. ‘गेट’ला हीच युक्ती लावायची. फरक इतकाच की मराठीत अर्थ ठरवणारा शब्द आधी येतो आणि इंग्रजीत तो बहुतेक वेळा ‘गेट’च्या मागून येतो. म्हणून ‘गेट’ कानावर पडलं की तिथे अडकायचं नाही, कान पुढच्या शब्दाकडे न्यायचा. पुढे नाम आलं, विशेषण आलं, दुसऱ्या क्रियापदाचं रूप आलं, ‘टू’ आलं की ‘अप’, ‘ओव्हर’सारखा शब्द आला, यावरून अर्थ उलगडत जातो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पहिली पायरी: रूपं पक्की करा

गेट, गॉट, गॉट. भारतात आणि ब्रिटनमध्ये हे चालतं. अमेरिकेत तिसरं रूप ‘गॉटन’ होतं. अनेकांना वाटतं की ‘गॉटन’ ही अमेरिकेने केलेली मोडतोड आहे. तसं नाही. ते जुनंच रूप आहे, इंग्लंडमध्ये मागे पडलं आणि अमेरिकेत टिकलं. ‘फर्गेट’चं ‘फर्गॉटन’ मात्र दोन्हीकडे शाबूत आहे, आणि ‘फर्गेट’ हा ‘गेट’चाच भाऊबंद आहे. ‘गेट’ इंग्रजीत आलं ते नॉर्स भाषेतून. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात व्हायकिंग लोकांनी वस्त्या केल्या, त्यांच्या बोलीतलं ‘गेटा’ म्हणजे मिळवणे. ‘टेक’, ‘दे’, ‘स्काय’, ‘एग’ हे शब्दही त्याच भाषेने दिले. राज्यकारभाराचे किंवा धर्माचे हे शब्द नव्हेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. ‘गेट’चा सूरही अजून तसाच घरगुती आहे, आणि तो कुठे चालत नाही हे नवव्या पायरीत येईल.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. तिथे ‘आय हॅव गॉट अ टिकेट’ म्हणजे तिकीट माझ्याकडे आहे, आणि ‘आय हॅव गॉटन अ टिकेट’ म्हणजे मी तिकीट मिळवलं आहे. ब्रिटिश बोलण्यात दोन्हींसाठी ‘हॅव गॉट’च येतं. आपल्याकडच्या परीक्षेत ‘गॉट’ लिहावं.

दुसरी पायरी: पुढे नाम आलं तर

‘गेट’पुढे थेट एखादी वस्तू आली की गाभ्याचा अर्थ एकच: ती वस्तू कर्त्याकडे आली. कशी आली ते प्रसंगावरून कळतं. ‘शी गॉट अ लेटर’ म्हणताना पत्र आपोआप आलं. ‘शी गॉट अ जॉब’ म्हणताना तिने खटपट करून नोकरी मिळवली. ‘शी गॉट अ सारी फ्रॉम पैठण’ म्हणजे साडी विकत आणली. ‘शी गॉट मलेरिया’ म्हणजे तिला मलेरिया झाला. ‘शी गॉट द लास्ट बस’ म्हणजे तिला शेवटची बस मिळाली.

या वाक्यांची मराठी करताना कर्ता कसा बदलतो ते पाहा. पत्र मिळालं तर ‘तिला’, साडी आणली तर ‘तिने’. इंग्रजी दोन्हीकडे ‘शी’ ठेवते. म्हणून मराठीतून इंग्रजी करताना ‘तिला’, ‘मला’ यांच्या जागी ‘टू हर’, ‘टू मी’ शोधू नका. ज्याच्याकडे वस्तू आली त्या माणसाला वाक्याच्या तोंडाशी बसवा आणि ‘गेट’ म्हणा.

दुसऱ्यासाठी काही आणायचं असेल तर माणूस आधी, वस्तू नंतर: ‘गेट मी सम वॉटर’, ‘आय गॉट माय मदर अ शॉल’. वस्तू आधी घ्यायची झाली तर मध्ये ‘फॉर’ येतो: ‘आय गॉट अ शॉल फॉर माय मदर’. इथे ‘टू माय मदर’ चालत नाही. ‘आईला शाल आणली’ या मराठीतला ‘ला’ आपल्याला ‘टू’कडे ओढतो, तिथे सावध राहायचं.

याच घरातला एक अर्थ म्हणजे कळणे. ‘आय गेट इट’, कळलं. ‘आय डोन्ट गेट द जोक’, विनोद समजला नाही. ‘आय डिडन्ट गेट युअर नेम’, नाव नीट ऐकू आलं नाही. फोनवर नुसतं ‘व्हॉट?’ म्हणण्यापेक्षा ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट’ म्हणणं कितीतरी सभ्य. आपल्याकडे ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’ असं सर्रास ऐकू येतं. ते ‘कळत नाहीये’ या मराठीवर बेतलेलं आहे. कळण्याच्या अर्थाने ‘गेट’ बहुधा साध्या काळात ठेवतात, म्हणून ‘आय डोन्ट गेट इट’ म्हणावं.

दाराची बेल वाजली आणि कुणी म्हणालं ‘कॅन यू गेट द डोअर?’, तर त्याला दार उघडून हवं आहे. ‘गेट द फोन’ म्हणजे फोन उचल.

शाळेत प्रयोग बदलायचा सराव भरपूर झालेला असतो, त्यामुळे या ‘गेट’चाही कर्मणी प्रयोग करायचा मोह होतो. ‘अ जॉब वॉज गॉट बाय हर’ असं इंग्रजीत कुणी म्हणत नाही. तशी गरज पडली तर ‘ऑब्टेन’ किंवा ‘रिसीव्ह’ घ्यावं.

तिसरी पायरी: पुढे विशेषण आलं तर

इथे ‘गेट’ म्हणजे होणे, एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाणे. ‘इट इज गेटिंग डार्क’, अंधार पडायला लागलाय. ‘ही गॉट अँग्री’, तो चिडला. ‘द टी इज गेटिंग कोल्ड’, चहा निवतोय. आजारी माणसाला ‘गेट वेल सून’ म्हणतात ते याच अर्थाने.

‘बी’ची रूपं स्थिती सांगतात, ‘गेट’ बदल सांगतं. ‘दे आर मॅरिड’ म्हणजे ते विवाहित आहेत. ‘दे आर गेटिंग मॅरिड इन मे’ म्हणजे त्यांचं मे महिन्यात लग्न आहे. आणि ‘च्याशी लग्न’ असं आपण म्हणतो म्हणून इंग्रजीत ‘विथ’ आणू नका. ‘शी गॉट मॅरिड टू अ टीचर’ हेच बरोबर.

आता मराठी माणसाला हमखास गोत्यात आणणारी जागा. मराठीत ‘तो म्हातारा झाला’ आणि ‘तो डॉक्टर झाला’ या दोन्हींत ‘झाला’ आहे. इंग्रजीत ‘ओल्ड’ हे विशेषण, म्हणून ‘ही गॉट ओल्ड’ ठीक. ‘डॉक्टर’ हे नाम. पुढे नाम आलं की आपण दुसऱ्या पायरीवर जातो, आणि ‘ही गॉट अ डॉक्टर’ याचा अर्थ होतो, त्याने डॉक्टर बोलावून आणला. तो डॉक्टर झाला हे सांगायला ‘ही बिकेम अ डॉक्टर’ लागतं. मुलाच्या यशाची बातमी परदेशातल्या नातेवाइकांना कळवताना ही एक चूक सगळा अर्थ फिरवते. नाम असेल तर ‘बिकम’, विशेषण असेल तर ‘गेट’, एवढं सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखं आहे.

प्रत्येक ‘होणे’ला मात्र ‘गेट’ बसत नाही. बिघाडाचे काही बदल ‘गो’ने सांगतात: दूध नासलं तर ‘द मिल्क वेंट बॅड’, टक्कल पडलं तर ‘ही वेंट बाल्ड’, दृष्टी गेली तर ‘शी वेंट ब्लाइंड’. पानं पिवळी पडली तर ‘द लीव्ह्ज टर्न्ड यलो’. याला पक्का नियम नाही. कानावर पडतील तशा जोड्या टिपून ठेवाव्या लागतात.

चौथी पायरी: पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर

‘ही गॉट फायर्ड’, त्याला नोकरीवरून काढलं. ‘द विंडो गॉट ब्रोकन’, खिडकीची काच फुटली. ‘वी गॉट कॉट इन द रेन’, आम्ही पावसात सापडलो. हा बोलण्यातला कर्मणी प्रयोग. पुस्तकी वाक्यात ‘वॉज फायर्ड’ येतं, गप्पांमध्ये ‘गॉट फायर्ड’. अर्थाला थोडी छटाही आहे. ‘गॉट’ म्हटलं की काहीतरी घडलं, वाट्याला आलं असा सूर लागतो, आणि ते बहुतेकदा अडचणीचं असतं. ‘शी गॉट प्रमोटेड’सारखी चांगली बातमीही चालते.

प्रश्न आणि नकार करताना मात्र व्याकरण बदलतं. ‘वॉज ही इन्व्हायटेड?’ यात ‘वॉज’ उचलून पुढे आणलं की प्रश्न झाला. ‘गॉट’ तसं उचलता येत नाही, त्याला ‘डू’ची मदत लागते: ‘डिड ही गेट इन्व्हायटेड?’, ‘ही डिडन्ट गेट इन्व्हायटेड’. ‘गॉट ही इन्व्हायटेड?’ हे इंग्रजी नव्हे. आणि ‘डिड’ आलं की ‘गॉट’चं पुन्हा ‘गेट’ होतं, हे विसरायचं नाही.

‘गेट लॉस्ट’ दोन प्रकारे येतं. ‘वी गॉट लॉस्ट इन द ओल्ड टाउन’ म्हणजे जुन्या शहरात वाट चुकलो. कुणाच्या तोंडावर नुसतं ‘गेट लॉस्ट!’ म्हटलं तर ते ‘चालता हो’ आहे.

पाचवी पायरी: करून घेणे आणि करायला लावणे

‘मी केस कापले’ असं आपण मराठीत सहज म्हणतो, कापणारा दुसराच असतो आणि ऐकणाऱ्याला ते कळतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर ऐकणारा विचारेल, आरशात बघून स्वतःच कापलेस की काय? दुसऱ्याकडून काम करून घेतलं असेल तर रचना अशी: ‘गेट’, मग वस्तू, मग तिसरं रूप. ‘आय गॉट माय हेअर कट.’ ‘आय गॉट माय बाइक रिपेअर्ड.’ ‘वी आर गेटिंग द हाउस पेंटेड बिफोर दिवाळी.’

इथे सगळा खेळ शब्दांच्या क्रमाचा आहे. ‘आय गॉट रिपेअर्ड माय बाइक’ असं पुष्कळ जण म्हणतात, कारण ‘दुरुस्त करून घेतली’ हे मराठीत एकत्र बोललं जातं. इंग्रजीत ती जोडी फोडावी लागते आणि बाइक मध्ये घालावी लागते. हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा, वस्तू बदलत राहा: माय वॉच रिपेअर्ड, माय आइज टेस्टेड, द फॉर्म साइन्ड, द फोटोज प्रिंटेड. जीभ वळली की क्रम आपोआप बसतो.

याच साच्यात आणखी दोन अर्थ येतात. एक, काम संपवणे: ‘गेट युअर होमवर्क डन’, अभ्यास उरकून टाक. इथे दुसरा माणूस नाही, काम स्वतःच करायचं आहे. दुसरा, नको ते घडणे: ‘ही गॉट हिज फिंगर कॉट इन द डोअर’, त्याचं बोट दारात चेंगरलं. त्याने ते कुणाकडून करून घेतलेलं नाही, हे प्रसंग सांगतोच.

आता माणसाला काही करायला लावायचं असेल तर ‘गेट’, मग माणूस, मग ‘टू’, मग मूळ क्रियापद. ‘आय गॉट हिम टू साइन’, मी त्याची सही मिळवली, म्हणजे पटवून किंवा गळ घालून. ‘मेक’ आणि ‘हॅव’ यांच्या शेजारी हे ठेवून पाहिलं की नीट कळतं. ‘आय मेड हिम साइन’ म्हणजे जबरदस्तीने सही करायला लावली. ‘आय हॅड हिम साइन’ म्हणजे काम सांगितलं आणि त्याने केलं, अमेरिकेत हे फार ऐकू येतं. ‘आय गॉट हिम टू साइन’ म्हणजे मनधरणी करावी लागली. तिघांत फक्त ‘गेट’लाच ‘टू’ लागतो. वस्तूंनाही हे लागू आहे: ‘आय कान्ट गेट द स्कूटर टू स्टार्ट’, कितीही किका मारल्या तरी स्कूटर सुरू होत नाही.

सहावी पायरी: ‘गेट टू’ आणि ‘हॅव गॉट टू’

‘टू’च्या पुढे क्रियापद असेल तर ‘गेट टू’ म्हणजे संधी मिळणे. मराठीत याला अगदी चपखल रचना आहे: भेटायला मिळालं, बघायला मिळालं. ‘आय गॉट टू मीट द कॅप्टन’, मला कर्णधाराला भेटायला मिळालं. ‘द चिल्ड्रन गेट टू स्टे अप लेट ऑन सॅटर्डेज’, शनिवारी मुलांना उशिरापर्यंत जागायला मिळतं.

‘हॅव गॉट टू’ याच्या अगदी उलट्या अंगाचं आहे. ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जावंच लागणार. घाईत ‘हॅव’ गळून पडतं, ‘गॉट टू’चं ‘गॉटा’ होतं, आणि ‘आय गॉटा गो’ एवढंच ऐकू येतं. लिहिताना मात्र ‘हॅव’ घालावं.

दोन्ही शेजारी ठेवा. ‘आय गेट टू वर्क फ्रॉम होम’ म्हणणारा खूश आहे, त्याला घरून काम करायला मिळतं. ‘आय हॅव गॉट टू वर्क फ्रॉम होम’ म्हणणाऱ्याला तसं करावं लागतंय, मनात असो वा नसो. मुलाखतीत या दोन वाक्यांची अदलाबदल झाली तर समोरच्याचं मत बदलू शकतं. ‘आय गॉट टू गो’ मात्र दोन्हीकडे जाऊ शकतं. कालची गोष्ट चालली असेल तर ‘जायला मिळालं’, आणि माणूस घड्याळ बघत उठत असेल तर ‘निघायला हवं’.

‘गेट टू नो’ ही जोडी वेगळी ओळखून ठेवा. तिचा अर्थ हळूहळू ओळख होणे: ‘वी गॉट टू नो ईच अदर इन कॉलेज.’

सातवी पायरी: जागा आणि वाहन

‘टू’च्या पुढे ठिकाण आलं तर ‘गेट’ म्हणजे पोहोचणे. ‘हाउ डू आय गेट टू द स्टेशन?’ हे परक्या गावात सगळ्यात कामाचं वाक्य. ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांना ‘टू’ नको: ‘आय गॉट होम ॲट नाइन.’

वाहनाबाबत नियम सोपा आहे. ज्यात वाकून शिरता आणि बसता तिथे ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’: मोटार, टॅक्सी, रिक्षा. ज्यात उभं राहून चालता येतं, किंवा ज्यावर टांग टाकून बसता, तिथे ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’: बस, रेल्वे, विमान, सायकल, घोडा. लोकलमधून उतरताना आपण ‘गेट डाउन’ म्हणतो. भारतात ते सगळ्यांना समजतं आणि ते आपल्या इंग्रजीचा भाग झालंय. लंडनच्या बसमध्ये मात्र ‘आय वाँट टू गेट ऑफ ॲट द नेक्स्ट स्टॉप’ म्हणावं. तिथे एकदम ‘गेट डाउन!’ म्हटलं तर खाली वाका असाही अर्थ निघतो.

आठवी पायरी: ‘अप’, ‘ओव्हर’, ‘थ्रू’ आणि मंडळी

याद्या पाठ करून ही वाक्यं तोंडात बसत नाहीत. प्रत्येक छोट्या शब्दाचं चित्र डोळ्यांपुढे आणलं की बरंच सोपं होतं. ‘थ्रू’ म्हणजे आरपार. ‘गेट थ्रू द एक्झाम’, परीक्षेतून पार पडणे. ‘आय कुडन्ट गेट थ्रू’, फोन लागलाच नाही. ‘ओव्हर’ म्हणजे वरून पलीकडे. ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून किंवा दुःखातून सावरणे. ‘अक्रॉस’ म्हणजे या काठावरून त्या काठावर. ‘ही कुड नॉट गेट हिज पॉइंट अक्रॉस’, त्याला आपलं म्हणणं पोहोचवता आलं नाही. ‘बाय’ म्हणजे कडेकडेने निघून जाणे. ‘दे गेट बाय ऑन हिज पेन्शन’, त्याच्या पेन्शनीवर त्यांचं कसंबसं भागतं.

‘गेट अलाँग विथ’ म्हणजे कुणाशी पटणे, ब्रिटनमध्ये ‘गेट ऑन विथ’ जास्त ऐकू येतं. ‘गेट रिड ऑफ’ म्हणजे नको ते काढून टाकणे. ‘गेट अवे विथ’ म्हणजे करूनसवरून नामानिराळं सुटणे. ‘व्हॉट आर यू गेटिंग ॲट?’ म्हणजे तुमच्या बोलण्याचा रोख कुठे आहे? ‘गेट बॅक’ म्हणजे परत येणे, पण ‘गेट बॅक टू यू’ म्हणजे नंतर कळवणे. ऑफिसच्या इंग्रजीत हे दुसरं सतत येतं. त्याला वचन समजून लगेच निश्चिंत होऊ नये, दोन दिवसांनी आपणच विनम्र आठवण करावी.

एक जोडी जवळून पाहू, कारण क्रम जरा हलला की अर्थ फिरतो. ‘गेट ओव्हर इट’ म्हणजे ते मनातून काढ, सावर. ‘गेट इट ओव्हर विथ’ म्हणजे नकोसं काम एकदाचं उरकून टाक. दाढ काढायची असेल तर आधी ‘लेट्स गेट इट ओव्हर विथ’. आणि नुकतंच ज्याचं माणूस गेलं आहे त्याला ‘गेट ओव्हर इट’ कधीही म्हणू नये, ते फार कठोर वाटतं.

नववी पायरी: कुठे टाळायचं

‘गेट’ हा बोलण्यातला शब्द आहे. बँकेला, विद्यापीठाला, सरकारी कचेरीला लिहिताना ‘आय गॉट युअर लेटर’ऐवजी ‘आय हॅव रिसीव्हड युअर लेटर’ बरं दिसतं. प्रबंधात ‘द रिझल्ट्स वी गॉट’ऐवजी ‘ऑब्टेन्ड’. पण हा बदल बोलण्यात आणला तर माणूस अवघडलेला वाटतो. मित्राला ‘आय रिसीव्हड द जोक’ कुणी म्हणत नाही. वर्गात ‘गेट’ला कमी दर्जाचा शब्द समजून मुलांना त्यापासून लांब ठेवतात, ते मला पटत नाही. त्यामुळे मुलं इंग्रजी लिहितात, पण घडाघडा बोलत नाहीत.

दहावी पायरी: सराव

एखादी इंग्रजी मुलाखत किंवा मालिकेचा एक प्रवेश घ्या, खाली अक्षरं उमटत असतील तर उत्तम. ‘गेट’ आलं की थांबवा, पुढचा शब्द लिहा आणि वरच्या कोणत्या पायरीवर तो बसतो ते ठरवा. मराठी अर्थ त्यानंतरच लिहा. वाक्य अख्खं लिहायचं, सुटा शब्द नको. सुरुवातीला हा उतारा घ्या:

‘आय गॉट अप लेट, डिडन्ट गेट टू ईट ब्रेकफास्ट, गॉट ऑन द राँग ट्रेन अँड गॉट सोक्ट. बाय द टाइम आय गॉट टू द ऑफिस, माय बॉस वॉज गेटिंग रेस्टलेस. आय गॉट अ कलीग टू कव्हर फॉर मी, गॉट द रिपोर्ट डन बाय फाइव्ह, अँड गॉट अवे विथ इट.’

उलगडा असा. उशिरा उठलो. नाश्ता करायला मिळाला नाही. चुकीच्या गाडीत चढलो आणि चिंब भिजलो. ऑफिसात पोहोचेपर्यंत साहेबांची चुळबुळ सुरू झाली होती. एका सहकाऱ्याला गळ घालून माझी बाजू सांभाळून घ्यायला लावली, पाचपर्यंत अहवाल उरकला आणि निभावून गेलं. इथे ‘गेट टू ईट’ आणि ‘गॉट टू द ऑफिस’ दोन्हींत ‘टू’ आहे. पहिल्यात त्याच्यापुढे क्रियापद आहे म्हणून संधी, दुसऱ्यात जागा आहे म्हणून पोहोचणे. ‘गॉट अ कलीग’ एवढंच ऐकून थांबलात तर ‘एक सहकारी मिळाला’ असं वाटेल, ‘टू कव्हर’पर्यंत गेलात की खरा अर्थ हाती येतो. आता हाच उतारा ‘शी’ लावून, भविष्यकाळ करून मोठ्याने म्हणा: ‘शी विल गेट अप लेट, शी वोन्ट गेट टू ईट ब्रेकफास्ट…’ आणि शेवटपर्यंत न्या.